झाल्यातच जमा

आमच्या खात्याचं अधिकृत नाव लांबलचक आहे, पण कारखान्यात सगळे त्याला थकवा विभागच म्हणतात. माणसासारखा धातूलाही थकवा येतो. एकदा वाकवा, दोनदा वाकवा, काही होत नाही. हजारो वेळा वाकवत राहिलं की एक दिवस आतून बारीक तडा जातो, आणि तोवर बाहेरून बघणाऱ्याला सगळं ठणठणीत दिसत असतं. विमानाचा पंख किती उड्डाणांनी थकेल ते आधीच शोधून काढायचं, हे आमचं काम. पंख लोखंडी सांगाड्यात घट्ट बसवायचा, त्याला यंत्राचे दांडे लावायचे आणि महिनोन्‌महिने वरखाली हलवत राहायचं. कॅन्टीनमध्ये मला बघून कुणी ना कुणी म्हणतंच, "काय मॅडम, आज कितपत थकलात?" मी रुजू झाले तेव्हापासून हा विनोद चालू आहे. धातू एवढा टिकला असता तर आमच्या खात्याला टाळंच लागलं असतं.

हा कारखाना देशाचं स्वतःचं लढाऊ विमान बनवतो. म्हणजे बनवतो आहे. त्या विमानाला एक भारदस्त नाव आहे, ते भाषणात वापरतात. आम्ही त्याला घोडं म्हणतो. फार पूर्वी एक मंत्री पाहणीला आले होते. सगळा हँगर हिंडून झाल्यावर, सत्काराचा हार हातात धरून त्यांनी वैतागून विचारलं, "अहो, पण घोडं अडलंय कुठे?" ते मंत्री गेले, त्यांचं सरकार गेलं, घोडं आहे तिथेच आहे.

बाहेरच्यांना वाटतं आम्ही आळशी आहोत. तसं नाही. आमच्याकडची माणसं राबराब राबतात. आमचा घोटाळा आहे तो एका शब्दाचा. दर सोमवारी साहेबांच्या खोलीत बैठक असते आणि प्रत्येक खातेप्रमुखाला आपल्या कामाचं एका वाक्यात सांगावं लागतं. "झालं" म्हणजे भाग बनला आणि चाचणीत टिकला. "झाल्यातच जमा" म्हणजे आकृती काढून झाली, भाग बनायचाय. "होतंय" म्हणजे आकृतीवरून अजून भांडणं चालू आहेत. आणि "बघतो" म्हणजे विषय बदला. हे कुणी ठरवलेलं नाही, आपोआप पडत गेलं. कारखान्याच्या फाटकाच्या आत यात कुणाची कधी फसगत होत नाही. नवीन पोरगं असलं तरी दोन बैठकांत शहाणं होतं.

फसगत झाली ती हवाई दलाची. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनी आम्हाला विचारलं होतं, की आमची विमानं म्हातारी व्हायला लागली, बाहेरच्या देशातून नवी मागवू की तुमच्यासाठी थांबू? आमच्याकडून उत्तर गेलं, थांबा, झाल्यातच जमा आहे. ते उत्तर लिहिणाऱ्याने खोटं लिहिलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांसमोर आकृती होती. ते वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर धावपट्टीवर उभं असलेलं विमान होतं. ते थांबले. आणि म्हातारी विमानं उडत राहिली.

त्यातलं एक माझा भाऊ उडवतो.

त्याला घरात धाकटा म्हणतात. माझ्यात आणि त्याच्यात एवढं अंतर आहे की लहानपणी त्याला शाळेत सोडायला मी जायचे तेव्हा शिपाई मला त्याची आई समजायचा. तो उडवतो ती विमानं बाहेरच्या देशाची. आमचे बाबा नोकरीला लागले त्या सुमारास घेतलेली. त्या देशाचं आणि आपलं मध्यंतरी कशावरून तरी बिनसलं आणि सुटे भाग यायचे बंद झाले. पुढे पुन्हा जमलं, पण तोवर तिथला कारखानाच बंद पडला होता. आता एखादं विमान कायमचं बसलं की त्याचे भाग काढून दुसऱ्या दोघांना घालतात. धाकटा म्हणतो, आमच्याकडे कुणी मेलं की बाकीच्यांना बरं वाटतं.

हे तो हसत म्हणायचा. या खेपेला सुटीवर आला तेव्हा हसत नव्हता. त्याच्या जोडीदाराचं विमान उतरताना पेटलं होतं. या जोडीदाराला सगळे जाड्या म्हणत, कारण तो काडीसारखा होता. खुर्चीसकट बाहेर फेकला गेला, पॅराशूट उघडलं, वाचला. पण मणका गेला. आता तो पलंगावर पडून छताकडे बघतो आणि धाकट्याला म्हणतो, मी लग्न केलं नाही ते बरं झालं.

सुटीचे पहिले चार दिवस धाकट्याने बहुतेक सोफ्यावर काढले. आई माझ्याकडेच असते. तिला एवढंच सांगितलं होतं की जाड्या मोटारसायकलवरून पडला. पण आईला कानाने कमी ऐकू येत असलं तरी बाकी सगळ्याने ऐकू येतं. पाचव्या दिवशी भाजी निवडता निवडता ती मला म्हणाली, "तुमचं ते विमान होत नाही तर बाहेरून आणत का नाही? मिळतं ना विकत?"

"मिळतं."

"मग झालं तर. मी शिवणयंत्र बाहेरचं घेतलं होतं की. काय सुरेख चालायचं."

"आणि त्याची सुई मिळेनाशी झाली तेव्हा?"

"तेव्हा बंद पडलं," आई म्हणाली. "पण तोवर तुमचे दोघांचे सगळे कपडे शिवून झाले होते."

देशात यावर वर्षानुवर्षं अग्रलेख लिहिले जातायत, त्यांत याहून शहाणं काही मी वाचलेलं नाही. सोफ्यावरून धाकटा म्हणाला, "आई, तू संरक्षणमंत्री हो."

मग तो माझ्याकडे वळला. "तू परवा राजधानीला जाणार ना? त्या समितीपुढे?"

जाणार होतेच. सरकारने एक समिती नेमली होती. बाहेरची विमानं घ्यायची की आपल्याच घोड्यासाठी थांबायचं, याचा एकदाचा निकाल लावायला. सकाळी बाहेरच्या कंपनीची माणसं बोलणार, दुपारी आम्ही. साहेब सगळं मांडणार होते, पण पंखाचा विषय निघाला तर उत्तर मी द्यायचं होतं.

"काय सांगणार आहेस?" त्याने विचारलं.

"विचारतील ते."

"ताई, मला आपलं आणि परकं यातलं काही सांगू नकोस. माझं डोकं दुखतं. एक भाषण ऐकतो तेव्हा ते पटतं, दुसरं ऐकतो तेव्हा ते पटतं. मला फक्त असं काहीतरी पाहिजे की वर जाताना खाली यायचा विचार करावा लागू नये." एवढं बोलून तो उठला आणि उगाचच गच्चीवर गेला.

मला त्याचा राग आला, आणि कशाचा आला हे कळेना म्हणून आणखी आला. मी कुठल्या बाजूची हे कुणी विचारलं तर मी आपल्या विमानाच्या बाजूची. अर्धं आयुष्य त्यात गेलंय म्हणून नव्हे. दुसऱ्याच्या भरवशावर लढायला निघालेल्याचं काय होतं ते मी रोज भावाच्या तोंडून ऐकते. पण आमच्या घोड्याच्या पंखाला दोन महिन्यांपूर्वी माझ्याच सांगाड्यावर तडा गेला होता. मुळाशी, जिथे पंख धडाला जोडतात तिथे. जायला हवा होता त्याच्या कितीतरी आधी. जोड पुन्हा आखावा लागणार, पुन्हा ओतावा लागणार, पुन्हा हलवावा लागणार. यात वर्षं जातात. सोमवारच्या बैठकीत पंखाच्या माणसाने, म्हणजे पंख आखणाऱ्या खात्याच्या प्रमुखाने, सांगितलं, "नवा जोड झाल्यातच जमा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, कारण त्या खोलीत त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता.

समितीची खोली अशी थंडगार ठेवली होती की जणू आम्ही नासू. लांबच लांब टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली आणि न खाल्ली जाणारी बिस्किटं. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त सचिव, आवाज मऊ, चष्म्यावरून बघायची सवय. त्यांच्या शेजारी हवाई दलाचे एक बडे अधिकारी. आम्ही कारखान्याची माणसं मागच्या भिंतीला लागून ओळीत, शाळेत उशिरा आलेल्या पोरांसारखी.

बाहेरच्या कंपनीची माणसं झकास होती. चौघांचे सूट एकाच रंगाचे. पडद्यावर त्यांचं विमान ढगांतून असं निघालं की आमच्या साहेबांनीसुद्धा हळूच मान पुढे केली. नवं रडार, नवं इंजिन, लांब पल्ला, सगळं. ते त्यांच्या भाषेत बोलत आणि एक दुभाषी मुलगी ते आपल्या भाषेत सांगत होती. चांगलं सांगत होती, कुठे अडखळत नव्हती.

शेवटी हवाई दलाच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "हे आत्ता दाखवलंत, हे नवं रूप, ते प्रत्यक्ष उडालंय का?"

चौघांतला मोठा बराच वेळ बोलला. हातवारे छान होते. मुलीने ऐकून घेतलं, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "ते म्हणतात, जुनं रूप उडतंच आहे. नव्याचं म्हणाल तर, झाल्यातच जमा आहे."

आमच्या ओळीत कुणीतरी खोकलं. पंखाचा माणूस खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला, त्याच्या बुटांना नाडी नव्हती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत मी त्यांना एवढं खूश पाहिलं नव्हतं.

चहाच्या सुटीत मी त्या मुलीला गाठलं. "ते नेमकं काय म्हणाले? शब्दाला शब्द सांगा."

ती ओशाळली. "चुकलं का माझं? ते म्हणाले, कामाचा शेवट आम्हाला इथून दिसतो आहे. मला वाटलं आपल्याकडे याला झाल्यातच जमा म्हणतात."

"अगदी बरोबर सांगितलंत," मी म्हटलं. "त्यांना स्वतःला जमलं नसतं इतकं बरोबर."

साहेब मला व्हरांड्यात एका बाजूला घेऊन गेले. साहेब वाईट माणूस नाही. पुढच्या वर्षी निवृत्त होतायत, रक्तदाब आहे, मुलगी परदेशात आहे आणि तिच्याकडे कायमचं जायला ते अजून तयार नाहीत, कारण घोडं उडालेलं नाही. ते हळू आवाजात म्हणाले, "बघितलंस ना? तेही आपल्यासारखेच. त्यांचं कागदावर, आपलंही कागदावर. मग दुसऱ्याच्या कागदासाठी आपला कागद का फाडायचा? आज तू म्हणालीस की झालेलं नाही, तर उद्या आपल्याला कुलूप. ही सगळी पोरं पांगतील. पुन्हा जमवायला एक पिढी जाईल. आणि मग काय, कायमचं दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं, त्याने दिलं तर दिलं."

"खरं आहे, साहेब."

"मग तू फक्त तेवढंच म्हण. तेच दोन शब्द. त्यात खोटं काय आहे? आकृती झालीय की नाही?"

"झालीय."

"मग?"

मला त्या क्षणी एवढा कंटाळा आला होता, की कुणी म्हटलं असतं जा, घरी जाऊन झोप, तर मी तिथूनच चपला हातात घेऊन चालायला लागले असते. साहेबांचं सगळं बरोबर होतं. हीच तर खरी अडचण होती. चुकीचं बोलणाऱ्याशी भांडता येतं.

दुपारी साहेब छान बोलले. परावलंबन, आत्मसन्मान, मोठाल्या शब्दांची सगळी बासनं त्यांनी उघडली, पण त्यांच्या तोंडी ते शब्द पोकळ वाटत नाहीत, कारण त्यांनी खरोखरच त्यासाठी केस पांढरे केलेत. अध्यक्षांनी ऐकून घेतलं. मग चष्म्यावरून आमच्या ओळीकडे बघत म्हणाले, "पंखाचं कोण बघतं?"

मी उभी राहिले.

"पंख झालाय का?"

मला धाकटा आठवला असं म्हणणं शोभून दिसेल, पण तो आठवला नाही. मला जाड्या आठवला. मी त्याला एकदाच भेटले होते. आमच्याकडे जेवायला आला होता आणि कितीही वाढलं तरी अंगाला काही लागत नाही म्हणून आई त्याच्यावर चिडली होती.

"नाही झालेला," मी म्हटलं.

साहेबांनी डोळे मिटले.

"म्हणजे, होत आलाय?" अध्यक्षांनी मदतीचा हात पुढे केला.

"नाही. मुळाशी तडा जातो. जोड नव्याने करावा लागेल. आकृती तयार आहे, भाग नाही. यात वर्षं जातील, किती ते मी आत्ता सांगू शकत नाही. जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका."

"म्हणजे बाहेरून घ्यावं असं तुमचं मत आहे?"

"माझं मत विचाराल तर आपलं आपण बनवावं. पण तुम्ही मत विचारलं नाहीत, झालंय का म्हणून विचारलंत."

"आणि त्यांचं?" हवाई दलाच्या अधिकाऱ्यांनी विचारलं. बाहेरची माणसं जेवून हॉटेलवर गेली होती.

"त्यांचंही नाही झालेलं. सकाळी त्यांनी जो शब्द वापरला, तो आमच्या कारखान्यात रोजच्या वापरातला आहे. त्याचा अर्थ मला ठाऊक आहे."

लोक हसले. पंखाचा माणूससुद्धा. हसणं ओसरल्यावर मी म्हटलं की त्यांचं जुनं साधं विमान आज खरोखर उडतंय, त्यातली थोडी घ्या, पोरांना बसायला द्या, आणि आमचं काम आम्हाला करू द्या. यावर हवाई दलाचे अधिकारी म्हणाले, शेजारी नवं घेत असताना आम्ही जुनं घेतलं तर लोक काय म्हणतील. साहेब म्हणाले, थोडी म्हणता म्हणता सगळीच घेतली जातात. दोघांना एकमेकांचं पटत नव्हतं, पण माझं पटत नाही यावर मात्र दोघांचं एकमत झालं. अध्यक्ष लिहून घेत होते. मी खाली बसले.

परतीच्या गाडीत साहेब खिडकीबाहेर बघत होते. शहर मागे पडल्यावर म्हणाले, "तुझं चुकलं नाही. पण उपयोगही नाही."

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

समितीचा निकाल पुढच्याच आठवड्यात आला. एवढ्या तडकाफडकी सरकारचं काही येतं तेव्हा त्यात काही नसतं, हे आम्हाला अनुभवाने ठाऊक. बाहेरचंही तयार नाही, आपलंही तयार नाही, सबब खरेदीचा विचार पुढे ढकलण्यात येत आहे. आमच्या कारखान्याला कुलूप नाही. बाहेरच्यांना नकार नाही. आणि मधल्या काळात आकाश रिकामं ठेवता येत नसल्यामुळे जुन्याच विमानांचं आयुष्य वाढवता येईल का ते पाहावं. एका जुन्या विमानाचा पंख चाचणीसाठी पाठवला जाईल. चाचणी आमच्याच विभागात. शेवटी एक ओळ होती, की या विभागाच्या प्रमुखांचा परखडपणा समितीने स्वतः पाहिला असल्याने त्यांचा निष्कर्ष अंतिम मानला जाईल.

ती ओळ वाचून मी कागद उलटा ठेवला. खरं बोलल्याचं बक्षीस असं मिळतं.

धाकटा त्या दिवशी परत निघणार होता. बॅग भरून दारात ठेवली होती. आई शेजारी गेली होती. मी त्याला सगळं सांगितलं, ओळसुद्धा. तो बुटाची नाडी बांधत होता, बांधतच राहिला.

"म्हणजे आम्ही पुन्हा त्यातच," तो म्हणाला.

"पंख टिकला तर."

"तूच बघणार?"

"मीच."

"मग ठीक आहे."

"काय ठीक आहे? ते विमान तुझ्याहून मोठं आहे. आणि पंख म्हणजे सगळं विमान नव्हे. जाड्याचा पंख कुठे तुटला होता? त्याचं इंजिन पेटलं." माझा आवाज चढला. "मी सही केली नाही तर काय होईल? तपासून बघते, टिकला तरी नाही म्हणते. मला कोण विचारणार आहे? माझा निष्कर्ष अंतिम आहे."

तो उभा राहिला. वर्दीत तो मला नेहमी दुसऱ्याच कुणाचा तरी भाऊ वाटतो. "तू समितीपुढे उभं राहून खरं बोललीस म्हणून मी स्क्वाड्रनमधल्या पोरांना फोन करून सांगितलं, ती माझी बहीण. आता माझ्यासाठी खोटं बोलशील? आणि ही नाही उडवली तर वर कोण जाणार ताई? घोडं?"

"तू जाऊ नकोस एवढंच मला कळतं."

"तुटला तर तुटला म्हण. नाही तुटला तर नाही तुटला म्हण. आजवर कुणाच्या सहीवर बसत होतो ते ठाऊक नव्हतं. आता निदान ठाऊक असेल."

त्याने वाकून माझ्या खांद्याला डोकं लावलं, लहानपणी शाळेच्या फाटकात लावायचा तसं, आणि बॅग उचलली.

पंख ट्रकमधून आला. त्याच्यावरचा रंग जागोजागी उडाला होता आणि पोटाशी कुणीतरी पेन्सिलने हिशेबाचे दोन आकडे लिहिले होते. आम्ही तो सांगाड्यात बसवला आणि हलवायला सुरुवात केली. दिवसरात्र दांडे वरखाली होत राहिले. मी रोज सकाळी भिंगातून मुळाशी बघायचे. आयुष्यभर मी तिथे उभं राहून धातूला मनातल्या मनात म्हणत आले, टिक बाबा. या खेपेला मी म्हणत होते, तूट. माझ्या हाताखालच्या माणसांना वाटायचं मॅडम आमच्यावर चिडल्यात. मी त्या पंखावर चिडले होते. कुठल्याशा परक्या देशात कुणीतरी मन लावून बनवला होता. इतका चांगला कशाला बनवायचा?

तो तुटला नाही. ठरलेलं सगळं आयुष्य त्याने पुरं केलं, आणि मी आणखी थोडं हलवायला लावलं, तेही पुरं केलं. तडा नाही, तड्याची खूणही नाही. मी शेवटचं भिंग लावलं, पुसलं, परत लावलं. मग खोलीत जाऊन सही केली.

धाकट्याला मी स्वतःच फोन केला. "नाही तुटला."

तो म्हणाला, "बरं." आणि मग, "आईला काय सांगशील? तिला वाटतंय आमची जुनी विमानं बंद झाली. परवा मला विचारत होती."

"तू काय म्हणालास?"

"म्हटलं, नवं मिळणार आहे. तू तेच सांग. तिला झोप लागत नाही."

घरी आले तेव्हा आई खिडकीशी बसली होती. उजेड होता अजून. मी हातपाय धुतले, चहा टाकला, दोन कप घेऊन तिच्या शेजारी बसले. ती माझ्याकडे बघत राहिली. एवढ्या मोठ्या समितीपुढे मला जे जमलं ते या खुर्चीत जमणार नाही, हे मला कळून चुकलं.

"धाकट्याला नवं विमान मिळालं," मी जरा मोठ्याने म्हटलं.

"मिळालं? बाहेरचं की आपलं?"

"आपलं."

तिने चहाचा कप दोन्ही हातांत धरला. चेहरा असा सैल झाला की मला तिकडे बघवेना.

"तू तपासलंस ना पण नीट?" तिने विचारलं.

"हो आई," मी म्हटलं. "मीच तपासलं."